भंगारातला सुपरचार्जर आणि उरलेला खर्च

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भंगारात निघालेल्या गाडीचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप, काढून तो जुन्या सहा सिलिंडरच्या गाडीवर बसवणाऱ्या तरुणांचं कौतुक आपल्या वाहन पुरवणीत वाचलं. कौतुकाला माझी हरकत नाही. पोरांनी हात काळे केले, हे चांगलंच झालं. हरकत आहे ती लेखातल्या दोन वाक्यांना. एक म्हणजे ‘इंजिनाची ताकद थेट दीडपट होते’ आणि दुसरं ‘खर्च काय तो सुपरचार्जरचा, बाकी किरकोळ’. ही दोन वाक्यं खरी मानून कुणीतरी शनिवारी दुपारी कामाला लागेल आणि रविवारी पिस्टन फोडून बसेल. म्हणून हे पत्र.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडील एसटीत मेकॅनिक होते, त्यामुळे लायनीत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनाचा आवाज घरच्यासारखा ओळखीचा. टाटाचं ६९७ म्हणजे तेच की. माझा हात बसला तो शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर. आता बरीच वर्षं मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्नमध्ये राहतो आणि टूलमेकर म्हणून काम करतो. आपला ई-पेपर सकाळच्या चहाबरोबर असतोच.

आमच्या घरापासून जवळच ब्रॉडमेडोजला फोर्डचा कारखाना होता. १९६० पासून तिथे फाल्कन गाडी बनत होती, आणि ७ ऑक्टोबर २०१६ रोजी ती बंद झाली. पुढच्या वर्षी, २० ऑक्टोबर २०१७ ला, ॲडलेडकडचा होल्डनचा कारखानाही गेला. हे मुद्दाम सांगतो, कारण माझी सगळी कथा या दोन बंद पडलेल्या कारखान्यांच्या मालावर उभी आहे. गाडी फाल्कनची एयू, ४ लिटरचं लायनीत सहा, मूळची ताकद १५७ किलोवॅट. ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरच, होल्डन कमोडोरच्या ३.८ लिटर व्ही-सिक्सवरचा, ईटन कंपनीचा रूट्स जातीचा एम-९०. त्या व्ही-सिक्सला होल्डनने १९९६ पासून २००४ पर्यंत कारखान्यातूनच सुपरचार्जर लावला होता. गाड्या म्हाताऱ्या झाल्या, गिअरबॉक्स गेले, पत्रे गंजले, पण ब्लोअर चांगले राहिले. इथल्या रेकर यार्डांत, म्हणजे आपल्या भाषेत गाड्यांच्या भंगाराच्या वाड्यांत, आपापली हत्यारं घेऊन जायचं, हवा तो पार्ट स्वतः खोलायचा आणि गेटवर पैसे द्यायचे. फोर्डवाले आणि होल्डनवाले इकडे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. होल्डनचा ब्लोअर फोर्डवर दिसला की दोन्हीकडचे लोक बॉनेटभोवती जमून नाक मुरडतात. त्याची एक वेगळीच मजा आहे.

भंगारातून ब्लोअर काढून मोटारीला लावायचा उद्योग काही आजचा नाही. रूट्स नावाच्या दोन भावांनी अमेरिकेत इंडियानात १८६० मध्ये या ब्लोअरचं पेटंट घेतलं, ते मोटारी यायच्या कितीतरी आधी. पुढे हे ब्लोअर खाणींना आणि भट्ट्यांना वारा देत होते. फाउंड्रीत कपोला भट्टीजवळ काम केलेल्या माणसाला दोन रोटरचं हे पात्र नवं नाही. मग १९३८ मध्ये जनरल मोटर्सचं ६-७१ हे टू-स्ट्रोक डिझेल आलं. टू-स्ट्रोक डिझेलला जळका धूर बाहेर ढकलायला बाहेरून हवा लागतेच, म्हणून प्रत्येक इंजिनावर एक रूट्स ब्लोअर. ही इंजिनं बस-ट्रकात घालून मोडीत निघाली आणि अमेरिकेतल्या शर्यतवेड्या पोरांनी त्यांचे ब्लोअर उचलून पेट्रोल गाड्यांवर चढवले. गंमत अशी, की ते ६-७१ स्वतःच लायनीत सहा होतं. १९५४ मध्ये कायझर कंपनीने आपल्या मॅनहॅटन गाडीच्या जुन्या साइड-वॉल्व्ह सहा सिलिंडरला मॅककुलॉकचा सुपरचार्जर लावून ११८ हॉर्सपॉवरचे १४० केले. टोयोटाने १९८५ मध्ये क्राउनमध्ये २ लिटरचं लायनीत सहा सुपरचार्जरसकट विकायला काढलं. तेव्हा लायनीत सहा आणि ब्लोअर ही जोडी विचित्र मुळीच नाही. लांब क्रँक, पण माझ्या फाल्कनसारख्या नव्या इंजिनांत त्याला सात मेन बेअरिंग. स्वभावाने गुळगुळीत. खालच्या आरपीएमला ओढणारं. रूट्स ब्लोअरही खालपासूनच हवा देतो, टर्बोसारखी वाट बघायला लावत नाही.

आता ‘दीडपट’चं बघू.

एम-९० एका फेऱ्यात सुमारे १.४८ लिटर हवा ढकलतो. ४ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात कागदावर २ लिटर घेतं, प्रत्यक्षात पूर्ण थ्रॉटलला साधारण १.८. माझी क्रँकवरची पुली १५० मिलिमीटरची आणि ब्लोअरवरची ८५ ची, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात ब्लोअरचे पावणेदोनपेक्षा किंचित जास्त फेरे. ब्लोअरमध्ये फटींतून थोडी हवा मागे गळते, ती वजा केली की इंजिनाला मूळच्यापेक्षा २५-२७ टक्के जास्त हवा मिळते. तेवढीच ताकद वाढायची. त्यातून ब्लोअर फिरवायला लागणारी ताकद वजा करा. पाच हजार आरपीएमला, ७ पीएसआय दाबाला ती १३ किलोवॅटच्या आसपास जाते. हाती राहतात १८०-१८५ किलोवॅट. म्हणजे पंधरा ते अठरा टक्के जास्त. हे काही कमी नाही, चढावर गाडी लगेच कळते. पण दीडपटीला लेखणी लावण्याआधी वजाबाकी करायला हवी होती.

कुणी म्हणेल, ब्लोअरची पुली आणखी लहान करू. करा. पण रूट्स ब्लोअर हवा आत दाबत नाही, नुसती ढकलतो. दाब बाहेर, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत तयार होतो, आणि त्यात उष्णता फार. २५ अंशांची हवा ७ पीएसआयला ब्लोअरमधून ८५-९० अंशांवर बाहेर पडते. मेलबर्नला उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तुमच्याकडे विदर्भात त्याच्याही पुढे. पुली लहान केली की हवेपेक्षा उष्णता वेगाने वाढते आणि तिच्या मागोमाग नॉकिंग, म्हणजे इंजिनाचं ठोकणं. ब्लोअर बारा हजार आरपीएमच्या पुढे मी नेत नाही. माझं गणित साडेनऊ हजारांच्या आत बसतं.

इथे इंटरकूलरबद्दलचा एक गैरसमज सांगून टाकतो. ब्लोअर आणि इंजिनाच्या मधे हवा गार करणारा इंटरकूलर घातला, की घड्याळावर ७ दाखवणारा काटा ५ वर येतो. लोक म्हणतात, कूलरने बूस्ट, म्हणजे ब्लोअरने चढवलेला जादा दाब, खाल्ला. काही खाल्लेलं नसतं. ब्लोअर दर फेऱ्याला ठरलेली हवा ढकलतो, ती गार झाली म्हणून दाब कमी दिसतो. हवा तेवढीच, पण ठोकायची भीती कमी आणि ब्लोअरवरचा भारही कमी. काट्याकडे बघून गाडी चालवणाऱ्यांना हे पटवणं म्हणजे डोकेफोड.

आता भंगारवाड्यातली तपासणी. लेखात याबद्दल एक ओळही नव्हती, आणि स्वस्त-महाग इथेच ठरतं.

ब्लोअर गाडीवर असतानाच पट्टा काढा आणि पुली हाताने फिरवा. आतून कटकट ऐकू आली तर घाबरू नका. एम-९० च्या पुढच्या नळीत पुली आणि रोटरच्या मधे पिनांवर बसणारा प्लॅस्टिकचा एक कपलर असतो. तो झिजला की जागेवर चालणाऱ्या गाडीत डबड्यात खिळे ठेवल्यासारखा वाजतो, आणि मालक ‘ब्लोअर गेला’ म्हणून गाडी भंगारात देतो. कपलर स्वस्तात मिळतो. या आवाजावर घासाघीस करून घ्या. पण पुली धरून वर-खाली हलवल्यावर हालली तर पुढचं बेअरिंग गेलं आहे, तो ब्लोअर तिथेच ठेवा. मग मागचं तोंड मोकळं करून टॉर्च आत मारा. रोटर तीन पाकळ्यांचे, पिळदार, त्यांवर काळा लेप असतो. लेप थोडा उडाला असेल तर चालतं. रोटर एकमेकांना किंवा भिंतीला घासून चकाकणारी रेघ उठली असेल तर नको. शेवटी पुढच्या गिअरच्या खणातलं तेल. प्लग उघडा आणि वास घ्या. या तेलाला चांगलं असतानाही असा उग्र वास येतो, की हात दोनदा धुतले तरी जेवताना जाणवतो. तेल काळं, दाट आणि अगदी तळाशी असेल, तर गिअर बराच काळ कोरडे फिरलेत असं समजा. आणि हो, बाजूला लावलेला बायपास व्हॉल्व्ह आणि त्याची व्हॅक्यूमची डबी न विसरता बरोबर घ्या. हौशी पोरं हा व्हॉल्व्ह अडचण म्हणून फेकून देतात. पाय हलका असताना हवा फिरवून परत आत नेण्याचं काम तोच करतो. तो नसेल तर हायवेवर साठच्या चालीलाही ब्लोअर फुकट तापतो आणि पेट्रोल पितो.

मग बसवणी. होल्डनच्या व्ही-सिक्समध्ये ब्लोअर दोन बँकांच्या मधल्या खोबणीत झोपतो आणि तळातून हवा सरळ खाली सोडतो. लायनीतल्या सहाला खोबण कुठली? ब्लोअरला कुशीला टांगावं लागतं. त्याच्या तळाच्या त्रिकोणी तोंडाला १२ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम प्लेटची फ्लँज, तिच्याखाली वेल्ड केलेली पेटी, पेटीतून इंटरकूलरकडे नळी. थ्रॉटल मात्र ब्लोअरच्या आधी. हा क्रम उलटा केला की बंद थ्रॉटलवर ब्लोअर हवा कोंडत राहतो. टिग वेल्डिंगला ॲल्युमिनियम पुसून-घासून लख्ख लागतं. वेल्डिंग झाल्यावर फ्लँज वाकतेच, म्हणून वेल्डिंगनंतर एक फेस-कट ठेवायचा. उद्यमनगरात हे कुणालाही सांगावं लागणार नाही, पण लेख वाचून घरी कामाला लागणाऱ्यांना सांगावं लागेल.

सगळ्यात हलकं समजलं जाणारं आणि सगळ्यात जास्त रडवणारं काम म्हणजे पट्टा. वर १३ किलोवॅट सांगितले, म्हणजे १७-१८ हॉर्सपॉवर. आपल्याकडे पिठाच्या गिरणीला दहाची मोटर असते. बोटाच्या जाडीचा, सहा खाचांचा एक पट्टा जवळजवळ दोन गिरण्या ओढतो असं समजा, आणि तेही शेजारच्या अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि पॉवर स्टिअरिंगला सांभाळून. ब्लोअरच्या लहान पुलीला पट्ट्याने अर्ध्याहून जास्त वेढा घातला पाहिजे, नाहीतर तो घसरणार. घसरला की आधी चिरका आवाज, मग जळक्या रबराचा वास, मग बूस्ट ४ वर येऊन थांबतो आणि माणूस गळती शोधत नळ्या आवळत बसतो. त्यासाठी एक आयडलर, म्हणजे नुसती फिरणारी पुली, जवळ आणून पट्टा वळवून घ्यायचा. ब्रॅकेट पत्र्याचं नको, जाड प्लेटचं हवं आणि त्याचे बोल्ट इंजिन ब्लॉकला निदान तीन जागी. पुल्या एका रेषेत आहेत का, हे मी सरळ पट्टीवर सोडत नाही, डायल लावतो. एक मिलिमीटरचा फरकही पट्ट्याच्या कडेची दोरी उसवतो. मला विचाराल तर या कामात हात कोणाचा चांगला आहे, ते ब्रॅकेट बघूनच कळतं. चकचकीत पॉलिश केलेली पेटी आणि लटपटणारं ब्रॅकेट घेऊन फिरणारे इथेही पैशाला पासरी आहेत.

आता पेट्रोल. संपादकसाहेब, पत्र लांबलंय आणि तुम्ही कात्री लावणार हे मला माहीत आहे. ब्रॅकेट कापा, रूट्स बंधू कापा, पण हा परिच्छेद राहू द्या.

जास्त हवेला त्या प्रमाणात जास्त पेट्रोल लागतं, आणि बूस्टमध्ये तर प्रमाणाहून थोडं जास्तच. मूळ गाडीचा कॉम्प्युटर मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवतो, पण त्याचा मॅप सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच वाचतो. त्याच्या पुढचं जग त्याला दिसत नाही. मॅनिफोल्डमध्ये ७ पीएसआय बूस्ट असताना तो निवांतपणे साध्या पूर्ण थ्रॉटलचं पेट्रोल देतो. मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं, स्पार्कने पेटवलेली ज्वाळा पोचायची वाट न बघता सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. खिडकी उघडी असेल तर वाळूचे खडे पत्र्यावर पडल्यासारखं ऐकू येतं. बंद असेल, गाणी चालू असतील, तर ऐकूच येत नाही. आधी पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटते, मग रिंग, आणि सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागतो. लायनीतल्या सहाचं हेड लांब असतं, त्यामुळे दाब अचानक चढला की गॅस्केट कुठे ना कुठे जागा सोडतं. हे सगळं घडायला पूर्ण थ्रॉटलवरचे काही सेकंद पुरतात.

उपाय तीन, आणि तिन्हींना पैसे लागतात. मोठे इंजेक्टर, माझ्या गणिताने मिनिटाला ३५० सीसीचे. त्यांना पुरेल असा टाकीतला पंप. आणि तीन बारपर्यंत वाचणाऱ्या सेन्सरसकट कॉम्प्युटरचं नवं ट्यूनिंग, तेही डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर धुराच्या नळीत बसवून. बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण १२ च्या आत. स्पार्क मागे घ्यायचा, सुरुवातीला दर पीएसआयला एक अंश धरून, आणि मग नॉक ऐकत ऐकत पुढे. प्लग एक नंबर थंड, फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर, कारण दाटीत ठिणगी विझते. पेट्रोल इथे पंपावर ९१, ९५ आणि ९८ ऑक्टेनचं मिळतं, बूस्टच्या गाडीत ९८ च घालायचं. जुने लोक प्रेशर रेग्युलेटरची कारागिरी करून पेट्रोल वाढवायचे, बूस्ट चढला की इंजेक्टरांकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाबही चढायचा. चालायची ती युक्ती. पण पंप थकला की पहिली दगा तीच देते.

सांगलीकडचा एक पोरगा इथे शिकायला आहे, जुन्या फाल्कनच्या प्रेमात पडलेला. रविवारी आमच्या गॅरेजमध्ये येऊन बसतो. परवा म्हणाला, “काका, पाचशे डॉलरात होईल ना?”

म्हटलं, “ब्लोअर होईल बाळा, गाडी नाही व्हायची.”

“मग पाचशेत ब्लोअर घेऊन ठेवतो, बाकीचं हळूहळू करू.”

“घेऊन ठेव. पण पट्टा शेवटी चढवायचा.”

त्याला मी माझी वही दाखवली. त्यात ब्लोअर साडेतीनशे डॉलरचा आहे आणि एकूण बेरीज तीन हजारांच्या वर गेलेली. सगळ्यात मोठा आकडा ट्यूनिंगचा, त्याच्या मागोमाग तपासणी आणि दाखल्याचा. म्हणजे ब्लोअर दहातला एक रुपया. ज्याला स्वस्तात करायचंय त्याने ब्लोअरवर घासाघीस जरूर करावी, ब्रॅकेट स्वतः करावं, इंटरकूलर भंगारातून घ्यावा, नळ्या भंगारातून घ्याव्यात. इंजेक्टर, वाइडबँड आणि ट्यूनिंग यांवर मात्र नवे पैसे मोजावेत, आणि तेवढे साठेपर्यंत ब्लोअर फडताळात ठेवावा.

दाखल्याचं बोललो म्हणून पुढचा मुद्दा, आणि पत्र लिहायचं खरं कारण तेच. लेखात आरटीओचा उल्लेख एका वाक्यात, तोही हसून सोडून दिलेला होता. हसण्यासारखं त्यात काही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात ते पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ म्हणतं, की असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तेव्हा ज्या तरुणांचे फोटो नंबरप्लेटसकट तुम्ही छापलेत, त्यांच्यावर तुम्ही नकळत उपकार केलेले नाहीत.

इकडे व्हिक्टोरिया राज्यात कायदा सैल आहे असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. उलट काटेकोर आहे. फक्त त्याला दार आहे. बदलांची एक मार्गदर्शिका सरकारने छापली आहे, व्हीएसआय-८ नावाची. कोणता बदल नुसता करता येतो आणि कोणत्याला अभियंत्याचा दाखला लागतो, ते तीत लिहिलंय. सुपरचार्जरला दाखला लागतो. व्हास या योजनेखाली नेमलेला अभियंता गाडी बघतो, वाढलेल्या ताकदीला ब्रेक पुरतात का ते तपासतो, आणि मग प्रमाणपत्र देतो. ते नोंदणीला लागतं, आणि विमा कंपनीलाही दाखवावं लागतं. माझ्या गाडीला त्याने आधी सही नाकारली. पट्ट्यावर आवरण हवं होतं आणि पेट्रोलची एक नळी उष्णतेच्या फार जवळून जात होती. दोन्ही गोष्टी दुरुस्त करून दिल्या, मग सही मिळाली. नव्याने लायसन घेतलेल्या, पी-प्लेटवाल्या पोरांना तर ताकद वाढवलेली गाडी चालवायलाच मनाई आहे. सांगलीच्या पोराला मी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलंय. तोपर्यंत त्याचा ब्लोअर फडताळात राहील, आणि तशीही पैशांची जमवाजमव व्हायला वेळ लागणारच आहे.

आपल्याकडे असं दार करणं अशक्य आहे का? सीएनजीचं किट बसवायला वाट आहेच की. मंजूर किट, ठरलेला बसवणारा, आरसी पुस्तकात नोंद. पुण्यात १९६६ पासून एआरएआयसारखी वाहन-संशोधन संस्था आहे, तिथे इंजिनाची आणि धुराची तपासणी करण्याचं ज्ञान कमी पडणार नाही. दर वर्षी राज्यात अशा मोजक्याच हौशी गाड्या निघतील. त्यांच्यासाठी महागडं शुल्क लावा, कडक तपासणी ठेवा, धुराची मर्यादा मूळ गाडीचीच ठेवा, नापास झाली तर ब्लोअर उतरवून परत पाठवा. बंदी असली तरी लोक बसवतातच, हे तुमच्याच लेखाने दाखवलंय. बसवतात आणि लपवतात. लपवलं की पट्ट्याचं आवरण आणि पेट्रोलची नळी कुणी बघत नाही, आणि अपघात झालाच तर विम्याचा दावा अडतो, तो समोरच्या गाडीवाल्याच्याही गळ्याशी येतो. परिवहन खात्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याची या विषयावर मुलाखत घेतलीत तर वाचकांवर उपकार होतील. हो म्हणाले तर काय अटी, नाही म्हणाले तर का, एवढं तरी कळेल.

एक बाजूची गोष्ट. काही वाचकांकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडलेल्या जुन्या डॉज-प्लिमथ अजून जपून ठेवलेल्या असतील. त्याही लायनीत सहाच. कायझरचं उदाहरण वाचून त्यांच्यावर ब्लोअर चढवायचा मोह होईल, कारण कॉम्प्रेशन कमी असल्याने कागदावर ते सोपं दिसतं. कृपा करून करू नका. त्या क्रँकला चारच मेन बेअरिंग आहेत आणि सुटे भाग मिळवताना आयुष्य जातं. त्या गाड्या आहेत तशाच चालू द्या.

लेखातल्या तरुणांना एवढाच निरोप द्या. तुमचा ब्लोअर चार सिलिंडरच्या कॉम्प्रेसर-मर्सिडीजचा आहे. तुमच्या सहाला तो लहान पडतो का, हे फेऱ्याला किती लिटर यावरून आधी मोजा, कारण लहान ब्लोअर जास्त फिरवून भागवायला गेलात तर तो नुसता तापतो. आणि पुढच्या वेळी पुरवणीत गाडीचा धूर काढतानाचा फोटो नको. पूर्ण थ्रॉटलची एक धाव झाल्यावर इंजिन तिथल्या तिथे बंद करून सहाही प्लग काढा, क्रमाने एका ओळीत ठेवा आणि त्यांचा जवळून फोटो छापा. पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळे किंवा चंदेरी ठिपके, म्हणजे नॉकिंगची खूण, दिसतात का, एवढंच मला बघायचंय.

आपला,
कोल्हापूरचा एक टूलमेकर
क्रेगीबर्न, मेलबर्न